वादांतील सभ्यता

गेल्या गणेशचतुर्थीस आमच्या घरीं पंचवीस पानें मांडलीं होतीं. त्यांपैकीं दोन रिकामीं राहिलीं. दोघे चुलतभाऊ निवडणुकीच्या वादावरून मोबाइलच्या कौटुंबिक समूहांत परस्परांस नाहीं नाहीं तें लिहून बसले होते. समोरासमोर जो शब्द तोंडावाटे निघालाच नसता, तो बोटांनीं सहज लिहिला. वृद्ध काकू मात्र जेवण होईपर्यंत दाराकडे पाहात होत्या.

‘राजकारण घरांत नकोच’ हा यावर कित्येकांचा उपाय. आम्हांस तो पटत नाहीं. तीव्र मतभेद आणि सौजन्य एकत्र नांदूं शकतात, याचा दाखला आपल्याच इतिहासांत आहे.

२७ डिसेंबर १९०७ रोजीं सुरत येथील काँग्रेसच्या अधिवेशनांत जहाल व मवाळ यांचा झगडा विकोपास गेला. टिळक बोलावयास व्यासपीठावर उभे राहतांच गोंधळ माजला. सभेंतून भिरकावलेला जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता यांस लागला. खुर्च्या आणि काठ्या चालल्या. त्या वेळीं टिळकांच्या अंगावर लोक धावून येऊं लागले, तेव्हां त्यांचे प्रतिपक्षी गोपाळ कृष्ण गोखले दोन्ही हात पसरून त्यांच्या रक्षणार्थ पुढें झाले, असें प्रत्यक्षदर्शी इंग्रज पत्रकार हेन्री नेव्हिन्सन यांनीं नमूद केलें आहे.

पुढेंही उभयतांचें मतैक्य झालें नाहीं, आणि ‘केसरी’ची टीका कांहीं सौम्य नव्हती. तरीही १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं गोखले निवर्तले, तेव्हां टिळक सिंहगडाहून पुण्यास आले आणि स्मशानभूमींत त्यांनीं गोखल्यांच्या देशसेवेचा मुक्तकंठानें गौरव केला. प्रतिपक्षी देखील देशाचेंच हित चिंतितो, ही जाणीव त्या गौरवामागें होती.

आपल्या घरांतील वादांस यावरून तीन सोपे नियम घालून घेतां येतील. मताचें खंडन खुशाल करावें, पण हेतूवर चिखलफेक करूं नये. जें समोर बसून वाचून दाखवितां येणार नाहीं, तें पाठवूं नये. आणि राग अनावर झाला असेल, तर उत्तरास एक रात्र मध्यें जाऊं द्यावी. सकाळीं त्यांतील निम्मे शब्द आपणांसच नकोसे होतात.

येत्या चतुर्थीस त्या दोघां भावांचीं पानें आम्ही शेजारींशेजारीं मांडणार आहोंत. वाद पुन्हां होईल. खुशाल होऊं द्यावा. मात्र ताकभात होईपर्यंत कोणीं पानावरून उठूं नये, एवढीच काकूंची अट आहे.