औषधाच्या मात्रेचे गणित

अहिल्यानगर जिल्ह्यातील लोणीच्या प्रवरा ग्रामीण रुग्णालयासारख्या ठिकाणी रुग्णसेवा शिकणाऱ्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना मात्रेचे, म्हणजे एका वेळी द्यायच्या औषधाच्या प्रमाणाचे, गणित अचूक यायलाच हवे. १२ किलो वजनाच्या तापाच्या बालकाला डॉक्टरांनी किलोमागे १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल लिहून दिले असेल, तर मात्रा १८० मिलिग्रॅम ठरते. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम औषध असलेले सिरप ७.५ मिलिलिटर द्यावे लागते, मात्र तेवढ्याच द्रवात २५० मिलिग्रॅम औषध असलेले सिरप ३.६ मिलिलिटरच पुरते. बाटलीवरील तीव्रता, म्हणजे ठरावीक द्रवातील औषधाचे वजन, न वाचता दुसरे सिरपही ७.५ मिलिलिटर दिल्यास बालकाला दुपटीहून अधिक औषध जाते, म्हणून लेबल वाचणे आणि हिशेब दुसऱ्याकडून तपासून घेणे अत्यावश्यक आहे.