प्रतिकारशक्ती कमी करणारी गोळी घेणाऱ्यांना काढा पाजू नका

आपल्याकडे कुणी आजारी पडलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: प्रतिकारशक्ती वाढवा. पण नाशिकमध्ये असेही रुग्ण आहेत, जे नेमकं उलट काम करणारी गोळी रोज घेतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स या आजारांत शरीराची प्रतिकारयंत्रणा आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंवर भडकते आणि त्यात आतड्याचं अस्तरच सोलवटून निघतं. शौचावाटे रक्त पडतं, वजन उतरतं आणि अनेकदा कितीतरी दिवस मूळव्याध समजूनच उपचार चालतात.

स्टेरॉइडने आग लवकर विझते, पण ते वर्षानुवर्षं घेता येत नाही. म्हणून ॲझाथायोप्रीन. हे औषध शोधणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्स यांना १९८८ चं नोबेल मिळालं. पेशी दुभंगताना डीएनएची नवी प्रत काढते. तिथे हे औषध खोटं नाणं खपवतं. झपाट्याने वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींना त्याचा फटका अधिक बसतो आणि हल्ला थंडावतो. मात्र गुण यायला दोन-तीन महिने लागतात. ‘काहीच फरक नाही’ म्हणून महिन्याभरात गोळी सोडणारे म्हणूनच फसतात.

ही खोटी नाणी निकामी करणारं एनयूडीटी१५ नावाचं एन्झाइम आपल्या शरीरात असतं. त्याच्या जनुकातला दोष आणि या औषधाचा त्रास यांचा संबंध २०१४ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी दाखवला. युरोपीय लोकांत हा दोष विरळा. भारतीयांत साधारण दहात एकाकडे तो सापडतो. अशा माणसाला नेहमीचा डोस दिला, तर काही आठवड्यांतच पांढऱ्या पेशी कोसळू शकतात, केस पुंजक्यांनी गळतात. पाश्चात्त्य पुस्तकातला डोस इथे डोळे मिटून लावता येत नाही तो यामुळे. जनुकाची चाचणी करता आली तर उत्तमच. पण ती केली तरी सुरुवातीच्या आठवड्यांतली सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, चुकवायची नाही.

दुसरा आपल्या भूमीतला प्रश्न क्षयरोगाचा. जगातले जवळपास एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत आणि कितीतरी निरोगी माणसांच्या शरीरात हे जंतू झोपलेले असतात. याच आजारांत दिलं जाणारं इन्फ्लिक्सिमॅबसारखं इंजेक्शन त्यांना जागं करू शकतं, हे २००१ पासून ठाऊक आहे. म्हणून ते सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची त्वचेची किंवा रक्ताची चाचणी होते. त्यातच आतड्याचा क्षय दुर्बिणीतून हुबेहूब क्रोन्ससारखा दिसू शकतो. निदानाला वेळ घेणाऱ्या डॉक्टरवर चिडू नये, असं मला मनापासून वाटतं.

आणि काढे? २०२० च्या अखेरीस मुंबईच्या डॉक्टरांना गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झालेली आढळली. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वाद काहीही असो, प्रतिकारशक्ती मुद्दाम आवरून धरलेल्या माणसाला तीच चेतवण्यासाठी काढा पाजणं मला धोक्याचं वाटतं. ॲझाथायोप्रीनवर असलेल्यांच्या यकृताची तपासणी एरवीही करत राहावी लागते. युरिक ॲसिडसाठीची ॲलोप्युरिनॉल तर याहून घातक: ती सोबत गेली की ॲझाथायोप्रीनचा परिणाम कैकपटीने वाढतो. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे जाताना गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत.

बाकी आयुष्य चालू राहतं. द्राक्षं स्वच्छ धुऊन खावीत, उकळलेलं पाणी प्यावं. फ्लू, न्यूमोनिया, हिपॅटायटिस बी यांच्या लशी घेता येतात. कांजिण्यांची जिवंत लस मात्र उपचाराआधीच घ्यायला हवी. रंगपंचमीला कोरडा रंग खेळावा, पण जुन्या नाशिकच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, उडी नको. शेकडो जणांनी घुसळलेलं ते पाणी नाकातोंडात जातंच. ताप आला, तर घरी पॅरासिटामॉल घेऊन दोन दिवस वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. गोळी मात्र त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नये.