काचपेटीतला समुद्र आणि मिठाचा हिशोब

राहुरी-श्रीरामपूरकडे प्रवरेच्या कालव्याखाली पांढरी पडलेली जमीन आपण पाहिली असेल. पाणी उडते, क्षार मागे राहतात. मुलांच्या हौसेखातर समुद्री माशांची काचपेटी घरी आणलीत, तर तिच्यातही हेच घडते. म्हणून आटलेल्या पाण्याची भर गोड्या पाण्यानेच करावी. खारेच ओतत राहिलात तर खार वाढून मासे दगावतील.

१०० लिटरच्या पेटीत आठवड्याला १० लिटर पाणी बदलले की पुरे. त्याला मत्स्यालयाचे मीठ लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे ३५० ग्रॅम लागते. ते महाग खरे, पण स्वयंपाकाचे मीठ इथे चालत नाही. पाणी मात्र फुकट मिळते. उघड्यावर प्लॅस्टिकच्या पिंपात धरलेले पावसाचे पाणी उत्तम. पत्र्यावरून ओघळलेले नको, त्यातले जस्त माशांना बाधते. मीठ आदल्या दिवशीच कालवून ठेवावे.