नव्या रिंगांचे पहिले तास

जून-जुलैच्या मासेमारीबंदीच्या मुदतीत कोकणच्या बंदरांतून ट्रॉलरांची डिझेल इंजिने उघडून नवे लायनर व पिस्टन-रिंगा बसविण्याचा जो दस्तूर आहे, त्याची खरी कसोटी होडी पुन्हा पाण्यात उतरल्यावर पहिल्या काही तासांतच लागते; कारण लायनरच्या अंतर्भागावर होनिंगने मुद्दाम राखलेल्या, एकमेकींना छेदणाऱ्या सूक्ष्म रेषांवर घासून रिंगांचा भिंतीशी मेळ बसावयाचा असतो, आणि रिंगेला भिंतीशी दाबून धरणारा ज्वलनवायूचा दाब इंजिनावर भार पडल्याखेरीज पुरेसा उत्पन्नच होत नाही. म्हणून नवे काम जपावयाचे या समजुतीने धक्क्याशी तासन्‌तास इंजिन मंद चालवीत ठेवणारा तांडेल, माझ्या मते, मायेपोटी त्याचे अहितच करतो: रेषांवर काचेसारखा गुळगुळीत थर जमतो आणि ते इंजिन पुन्हा उघडेपर्यंत तेल खात राहते. इंजिन तापल्यावर मध्यम भाराने, गती वारंवार बदलीत, चालवावे. तेलही आरंभी निर्मात्याने सांगितलेल्या दर्जाचे साधे खनिज तेल, बहुधा १५डब्ल्यू-४०, असावे. सिंथेटिक तेल महाग म्हणून श्रेष्ठ समजून आताच ओतू नये, कारण त्याने हे इष्ट घर्षणच मंदावण्याचा संभव असतो. पहिल्या ५० तासांच्या आत ते तेल, त्यात उतरलेल्या धातुकणांसह, फिल्टरसकट काढून टाकावे.