पिझ्झ्यावर शेव आणि आईंची फोडणी

इंदूरच्या माणसाच्या ताटात शेव दिसली नाही, तर तो आजारी आहे किंवा परगावी आहे असं खुशाल समजावं. पोह्यांवर शेव, उसळीवर शेव, वरणभातावर शेव. आमचे एक मामेसासरे तर खरबुजाच्या फोडींवरही चिमूटभर भुरभुरवायचे. असं असूनही आमच्या घरी आलेला पहिला विकतचा पिझ्झा शेवेवाचून खाल्ला गेला, कारण नातवाने त्यावर दोन्ही हात आडवे धरले होते.

"आजी, नाही हं! हा इटालियन आहे."

आता इटालियन म्हणजे किती इटालियन? ज्या टोमॅटोवाचून यांचा पिझ्झा होत नाही, तो टोमॅटोच मुळी सोळाव्या शतकात अमेरिका खंडातून तिकडे गेला. अननसाचा तो 'हवाईयन' पिझ्झा हवाई बेटांवरचा नाहीच, सॅम पॅनोपोलोस नावाच्या मूळच्या ग्रीक माणसाने १९६२ मध्ये कॅनडात आपल्या हॉटेलात तो केला. २०१७ मध्ये आइसलँडच्या राष्ट्राध्यक्षांनी शाळकरी मुलांपुढे गमतीत म्हटलं, की जमलं तर मी पिझ्झ्यावर अननसाला बंदीच घालीन. त्यावर जगभर वाद झाला. स्वीडनमध्ये पिझ्झ्यावर केळं आणि करी पावडर घालतात, ब्राझीलमध्ये मटार. एवढं सगळं चालतं, मग रतलामी शेवेनेच काय घोडं मारलंय? नातवाला हे ऐकवल्यावर त्याने हात काढले, पण फक्त माझ्या तुकड्यापुरते.

तेव्हापासून शनिवारची संध्याकाळ पिझ्झ्याची. सून बँकेतून थकून येते आणि मला स्वयंपाकाला सुट्टी. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या फ्रीझरमधला सगळ्यात साधा, नुसत्या चीजचा पिझ्झा आणायचा आणि वरचं घरात असेल ते. साधाच घ्यायचा, हे महत्त्वाचं. भाज्या घातलेला घेतला की त्या सिमला मिरचीच्या चार चिंधड्यांचे पैसे जातात आणि वर आपल्याला जागा उरत नाही.

पहिल्या प्रयोगात मी शेव आधीच पसरून पिझ्झा ओव्हनमध्ये ठेवला. वरची शेव करपून कडू झाली आणि चीजमध्ये रुतलेली मऊ पडली. शेव पिझ्झा बाहेर काढल्यावर, अगदी खायच्या क्षणी घालायची. जीरावनही तसंच. त्यातलं आमचूर आणि मसाले ओव्हनमध्ये करपतात, वरून भुरभुरवलं की सराफ्यातला वास घरात येतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीत साडेचारशे अंशांच्या आसपास उष्णता असते, तिथे पिझ्झा साठ ते नव्वद सेकंदांत होतो. आपला घरचा ओव्हन अडीचशेला दमतो. त्यामुळे वर ओलं काही घातलं की त्याचं पाणी उडून जात नाही, खाली पोळीत मुरतं. वांग्याचं भरीत मी एकदा तसंच थापलं आणि पिझ्झ्याचा मधला भाग चमच्याने खावा लागला. आता भरीत चाळणीत अर्धा तास निथळू देते, मग थापते, आणि खरं सांगते, भाजक्या वांग्याचा तो धुरकट वास चीजखाली असा काही बसतो की सुनेनेही दुसऱ्यांदा मागितला. मटकीची उसळ कोरडी असेल तर उत्तम. ठेचा थेंबाथेंबाने, लोण्यात कालवून. चीजमधल्या स्निग्धपणामुळे त्याचा झणका उतरतो, म्हणून नेहमीपेक्षा थोडा जास्त चालतो. थंडीत गराडू तळून, वर लिंबू आणि जीरावन. हा आमच्या घरातला सर्वात लाडका, पण गराडू संपले की पुढच्या थंडीपर्यंत वाट बघायची. जिलबी मात्र कोणी घालू नये. पोहे-जिलबीच्या गावचे म्हणून आम्ही घातली, पाक वितळून ट्रेला चिकटला आणि तो ट्रे दोन दिवस भिजत पडला होता.

या सगळ्यात आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, नव्हत्या. वय शहाऐंशी. शनिवारी साडेसहालाच त्या स्वयंपाकघरात मऊ भात आणि मेतकूट खाऊन घ्यायच्या. "तुमचं चालू द्या," म्हणायच्या आणि आपल्या खोलीत जाऊन बसायच्या. बाहेरचं खात नाहीत, मैदा, चीज, त्यांना आवडायचं नाही, असं आम्ही धरून चाललो. खरं तर मी एकदाही विचारलं नाही. आठवड्यातला एक दिवस कोणाचं पथ्य सांभाळावं लागत नाही याचं मला बरंच वाटायचं. हे लिहायला संकोच वाटतो, पण तसंच होतं.

एका रविवारी पहाटे हिंगाच्या वासाने जाग आली. उठून पाहते तर आई ओट्याशी उभ्या. तव्यावर रात्रीच्या पिझ्झ्याचे उरलेले दोन तुकडे, कडा कापून बाजूला ठेवलेल्या. तव्याच्या काठाने पाण्याचा हबका मारून वर झाकण घातलेलं. शेजारी कढल्यात मोहरी तडतडत होती, हिंग, कढीपत्ता, लसणीच्या दोन पाकळ्या. झाकण काढलं, फोडणी चर्रकन वर ओतली. फोडणीच्या पोळीचं जे करतो तेच, फक्त पोळी इटलीची.

मला बघून चोरी पकडल्यासारख्या थांबल्या.

"अहो आई, तुम्हाला आवडतो?"

"आवडतो गं. पण ती कड चावत नाही. कवळी हलते. सगळ्यांसमोर हात घालून काढायची का?" मग जरा वेळाने म्हणाल्या, "आणि तो पोरगा बघतो."

किती शनिवार झाले होते असे? मोजायचं धाडस झालं नाही. त्या मऊ भात खायच्या आणि आम्ही बाहेर गराडूचं कौतुक करायचो. भिंतीपलीकडे त्यांना सगळं ऐकू जात असणार, कान अजून चांगले आहेत.

मी त्यांच्या ताटलीतला एक तुकडा घेतला. वाफेने पोळी लुसलुशीत झाली होती आणि फोडणीचं तेल चीजमध्ये मुरलं होतं. माझ्या वर्षभराच्या प्रयोगांत इतकं बरं काही झालेलं नाही, हे मला मान्य करावं लागलं. कढीपत्ता एवढा चालेल असं वाटलं नव्हतं.

आता शनिवारी पहिला पिझ्झा ओव्हनमध्ये जातच नाही. तो तव्यावर, मंद आचेवर, झाकण ठेवून होतो आणि फोडणी आई स्वतः देतात, कारण मोहरी मी घाईने काढते असं त्यांचं मत आहे. ते बरोबर आहे. शेव त्यांना फोडणीच्या आधी घालून हवी असते, म्हणजे मऊ पडते. मी शेव शेवटी घालायची म्हणून एवढं शिकले, त्यांनी ते उलटं केलं. टेबलाशी त्यांची खुर्ची भिंतीकडच्या बाजूला ठेवली आहे, दिवा जरा मागे पडतो तिथे. कवळीबद्दल कोणी काही बोललं नाही. कापलेल्या कडा नातू घेतो, जीरावनात बुडवून कडाकडा खातो, आणि पणजीच्या ताटलीतल्या फोडणीत हळूच बोट फिरवतो.

गेल्या शनिवारी आईंनी एकच तक्रार केली. फ्रीझरमधल्या पिझ्झ्यावर चीज फार असतं, ते ताणलं जातं आणि कवळी बरोबर घेऊन येतं. पुढच्या वेळी नुसता बेस आणायचा ठरलं आहे. चीज किती घालायचं ते त्या सांगणार आहेत.