सव्वापट, पण कितीच्या?

रजोनिवृत्तीनंतर शरीरातील इस्ट्रोजेन कमी होते. अंगातून गरम वाफा येतात, झोप मोडते, हाडे ठिसूळ होऊ लागतात. मग हे संप्रेरक गोळीतून द्यावे का?

अमेरिकेत ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ स्त्रियांवर याची चाचणी झाली. सुमारे निम्म्या स्त्रियांना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन दिले, बाकीच्यांना औषध नसलेली तशीच गोळी. २००२ साली ही चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. औषध घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग सव्वापट आढळला होता. घाबरून अनेकींनी उपचार सोडले.

आता हे आकडे फळ्यावर मांडू. औषध न घेणाऱ्या १०,००० स्त्रियांत वर्षाला ३० रुग्ण, घेणाऱ्यांत ३८. म्हणजे वाढ ८ ची. पक्षाघातही ८ ने वाढले; खुब्याचे अस्थिभंग मात्र ५ ने घटले. शिवाय या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते.

साठीच्या आत, किंवा पाळी थांबून दहा वर्षे होण्याआधी, त्रास फार असेल तर फायदा धोक्याहून सहसा जास्त, असे आज मानतात. पूर्वी स्तनाचा कर्करोग किंवा शिरांत रक्ताची गुठळी झाली असेल, तर हा उपचार सहसा टाळतात.

'सव्वापट' ऐकले की आपण आधी विचारावे : कितीच्या?