वास नाकाला कळतो, वाट कागदाला

टोकावडे मागे टाकून माळशेजची चढण लागली की पेट्रोलची कोरी गाडीही कधी कधी सडक्या अंड्यासारखा वास मारते. माझी मारत होती. मुरबाडच्या मिस्त्रीने ऐकून घेतलं, पण पान्याला हात लावला नाही. ‘‘दादा, वास बाहेर येतो की काचा बंद असताना आत?’’

बाहेरचा वास त्याला नवा नव्हता. पेट्रोलमध्ये थोडं गंधक असतंच. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ इंधनात त्याची मर्यादा दर किलोला ५० मिलिग्रॅमवरून १० वर आली. कॅटालिटिक कन्व्हर्टर ते धरून ठेवतो. चढावर इंजिन जास्त पेट्रोल पिऊ लागलं की हायड्रोजन सल्फाइड बनून ते बाहेर पडतं. दहा लाखांत एका भागाहून कमी असलं तरी नाकाला कळतं. कारखान्यात लागलेलं तेल, मेण सायलेन्सरवर जळतं, त्याचा वास निराळा. तो काही दिवसांत जातो.

माझ्या गाडीत वास आतही येत होता. मग गाडी गार होऊ दिली. इंजिन चालू करून पोऱ्याने सायलेन्सरच्या तोंडावर ओलं फडकं क्षणभर दाबलं आणि मिस्त्रीने सांध्यांवर साबणाचं पाणी सोडलं. बुडबुडा नाही, काजळीचा ओघळ नाही. ‘‘वॉरंटीतली गाडी आहे, फुटलं असतं तर शोरूमलाच पाठवली असती.’’

मग त्याने डिकीच्या कडेला कागदाची पट्टी धरून झाकण लावलं आणि ओढली. सगळीकडे अडली, खालच्या कोपऱ्यात अलगद निघाली. तिथलं रबरी बीडिंग पत्र्यावरून सुटलं होतं. हाताने दाबून बसवलं, काम संपलं.

धावत्या गाडीमागे हवेचा दाब कमी होतो; तिथे घुटमळणारा धूर फटीतून आत शिरतो. सरळगाव-किन्हवलीमार्गे शहापूरला जाताना डिकी अर्धी उघडी ठेवून, सुतळी बांधून भाताची पोती नेणाऱ्या गाड्या दिसतात. त्यांच्यात तर ही फट हातभर असते.

त्या धुरात कार्बन मोनॉक्साइडही असतो आणि त्याला वासच नाही. डोकं जड झालं, मळमळलं तर काचा उघडून इंजिन बंद करावं, बाहेर यावं. आरशाला अत्तराची कुपी टांगून वास झाकता येतो. फट तशीच राहते.